बातम्यांचं ॲप कोण सांभाळतं?

आता बऱ्याच गटांकडे टॅब आहे आणि त्यावर बातम्यांचं ॲप आहे. सकाळी कुणी कांद्याचा भाव बघतं, कुणी पावसाचा अंदाज, कुणी योजनेच्या अर्जाची शेवटची तारीख. आणि एखाद्या दिवशी ते ॲप उघडतच नाही. नाहीतर उघडतं, पण बातम्या चार दिवसांपूर्वीच्याच दिसतात. मग बायका घाबरून विचारतात, "आमच्या हातून काही बिघडलं का?" बहुतेक वेळा तुमच्या हातून काहीच बिघडलेलं नसतं. टॅब चालू असतो, रेंज असते, रिचार्जही असतो. फक्त त्या ॲपची देखभाल कुठेतरी थांबलेली असते. ही देखभाल म्हणजे काय आणि ती कोण करतं, ते आज समजून घेऊ.

आधी हे ॲप करतं काय ते बघू. ते स्वतः बातमी लिहीत नाही. त्याचं काम पेपर टाकणाऱ्या पोरासारखं. वेगवेगळ्या पेपरांच्या वेबसाइटवर जायचं, नवं काय आलं ते गोळा करायचं आणि आपल्यासमोर मांडायचं. पण दहा पेपरांच्या दहा तऱ्हा असतील तर त्याला कळणार कसं? आपल्या गटांच्या नोंदवहीचंच बघा. सगळ्या वह्यांत रकाने सारखे असतात, म्हणून प्रभाग संघातली ताई कुठल्याही गटाची वही उघडून वाचू शकते. तसेच रकाने वेबसाइटवाल्यांनीही ठरवून घेतले: मथळा, तारीख, थोडक्यात मजकूर आणि पूर्ण बातमीचा पत्ता. या यादीला 'फीड' म्हणतात आणि ती लिहिण्याच्या पद्धतीला 'आरएसएस'. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या नेटस्केप कंपनीत तिची सुरुवात झाली. ही पद्धत वापरायला कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. म्हणूनच बातम्यांचं ॲप बनवायला मोठी कंपनीच लागते असं नाही. एकटा माणूसही ते घरी बसून बनवू शकतो.

अमेरिकेतल्या सिएटल भागातल्या ब्रेंट सिमन्स या माणसाने तेच केलं. २००२ मध्ये त्याने 'नेटन्यूजवायर' नावाचं बातम्या वाचायचं सॉफ्टवेअर आणलं. ते लोकांना आवडलं. २००५ मध्ये त्याने ते एका कंपनीला विकलं. २०१० मध्ये ॲपलचा टॅब, म्हणजे आयपॅड आला, तेव्हा त्यावरही ते आलं. २०११ मध्ये ते दुसऱ्या कंपनीकडे गेलं. २०१८ मध्ये ते नाव पुन्हा सिमन्सकडे परत आलं. २०१९ मध्ये त्याने नवी आवृत्ती काढली, २०२० मध्ये ती आयपॅडवर आणली, आणि ती सगळ्यांना फुकट दिली. त्याचं आतलं लिखाणही कुणालाही बघायला खुलं ठेवलं, त्यामुळे इतर लोक हौसेने मदत करतात. हे ॲप फक्त ॲपलच्या वस्तूंवर चालतं, म्हणून आपल्या टॅबवर ते शोधू नका.

आपल्याकडचं उदाहरण 'न्यूजहंट'चं. नोकियात काम केलेल्या उमेश कुलकर्णी आणि चंद्रशेखर सोहोनी या दोघांनी २००९ मध्ये ते सुरू केलं. तेव्हा टॅब तर सोडाच, पुष्कळ फोनवर देवनागरी अक्षरंही धड उमटत नव्हती. पुढे ते एका कंपनीने घेतलं आणि २०१५ मध्ये त्याचं नाव 'डेलीहंट' झालं. म्हणजे कुठलं रोप मोठं झाड होतं, तर कुठलं अंगणातच राहतं. पण पाणी दोन्हीला घालावंच लागतं. आणि मोठ्याचा भरवसा जास्त, असंही नाही. गूगलसारख्या कंपनीने आपलं 'गूगल रीडर' १ जुलै २०१३ ला बंद केलं. अनेक छोटी ॲप त्याच्याच आधाराने बातम्या आणत होती. त्या सगळ्यांना दुसरी सोय शोधावी लागली.

आता धरून चला की मुलुंडमध्ये किंवा बोरिवलीत राहणारी एखादी मुलगी मराठी बातम्यांचं ॲप बनवते. ॲप तयार झालं की काम संपलं असं आपल्याला वाटतं. खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

प्ले स्टोअरवर नाव नोंदवायला तिला एकदाच २५ डॉलर, म्हणजे दोन हजारांच्या वर रुपये भरावे लागतात. ॲपलच्या दुकानात ९९ डॉलर, आणि तेही दरवर्षी. नव्याने नाव नोंदवणाऱ्याला प्ले स्टोअरवर आधी निदान १२ जणांकडून सलग १४ दिवस ॲप तपासून घ्यावं लागतं, मगच ते सगळ्यांसाठी खुलं होतं. म्हणजे एका बचत गटाएवढी माणसं जमवायची!

पुढे दरवर्षी अँड्रॉइडची नवी आवृत्ती येते. तिच्याशी जुळेल असं ॲप वेळोवेळी बदललं नाही, तर काही काळाने नव्या टॅबवाल्यांना ते प्ले स्टोअरमध्ये दिसेनासंच होतं. ॲपलने तर २०१७ मध्ये जुन्या पद्धतीची ॲप एकदम बंदच केली. ज्यांच्या मालकांनी ती बदलली नव्हती, ती उघडेनाशी झाली. दुसरीकडे एखादा पेपर आपल्या फीडचा पत्ता बदलतो, एखादा फीड बंदच करतो. मग त्या पेपरच्या बातम्या यायच्या थांबतात. हे सगळं रोज बघायचं, दुरुस्त करायचं आणि आपल्याला नवी आवृत्ती पाठवायची. यालाच आपण 'अपडेट' म्हणतो.

मराठीत आणखी एक काम असतं, अक्षरांचं. जोडाक्षरं, रफार, 'ऱ्या'सारखी अक्षरं नीट दिसली नाहीत तर बातमी वाचताच येत नाही. पूर्वी प्रत्येक पेपरचा फॉन्ट वेगळा असायचा. तो आपल्याकडे नसला की अक्षरांचा नुसता काला दिसायचा. पुढे सगळ्यांनी युनिकोड नावाची एकच पद्धत घेतली आणि हा त्रास कमी झाला. या कामात मुंबईच्या उपनगरांचा मोठा वाटा आहे. प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी पवईच्या आयआयटीत शिकवलं, पुढे जुहूच्या सरकारी संगणक संस्थेत काम केलं. संगणकावरचा 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट त्यांचाच. मुंबईतल्याच 'एक टाइप' या गटाचा 'मुक्ता' फॉन्ट कुणालाही फुकट वापरता येतो. मुलुंडच्या त्या मुलीला अक्षरं स्वतः काढत बसावं लागत नाही, ती या मंडळींमुळे.

पण देखभालीलाही मर्यादा असते. पवईच्याच आयआयटीने सरकारच्या 'आकाश' टॅबच्या कामात पुढाकार घेतला होता. 'आकाश २' हा टॅब ११ नोव्हेंबर २०१२ ला राष्ट्रपतींच्या हस्ते आला. सरकारला तो २,२६३ रुपयांना पडत होता. स्वस्तात शिकायचं साधन म्हणून त्याचं कौतुक झालं. त्यात अँड्रॉइडची चौथी आवृत्ती होती. पुढे गूगलने त्या आवृत्तीला मदत देणं थांबवलं आणि १ नोव्हेंबर २०२१ पासून व्हॉट्सॲपही तिच्यावर बंद झालं. काच फुटली नाही, बॅटरी गेली नाही, तरी टॅब मागे पडला. म्हणून गटासाठी टॅब घेताना, मग तो जुना असो की नवा, अँड्रॉइडची आवृत्ती कितवी आहे हे आधी विचारा.

आता पैशांचं. एकट्याने चालवलेलं ॲप जगतं कशावर? काही जण जाहिराती दाखवतात, काही जण थोडे पैसे घेतात. नेटन्यूजवायर तर देणगीही मागत नाही. पण काही ॲप तुमची माहिती गोळा करून विकतात. बातम्या दाखवायला ॲपला तुमच्या फोनमधली नावं-नंबर किंवा मेसेज लागत नाहीत. ते मागितले तर नकार द्या. आणि व्हॉट्सॲपवर कुणी पाठवलेल्या लिंकवरून ॲप घेऊ नका. प्ले स्टोअरमधूनच घ्या.

मैत्रिणींनो, थांबलेल्या ॲपचा खरा धोका वेगळाच आहे. बंद पडलेलं ॲप निदान कळतं. अर्धवट चालणारं ॲप जुना भाव आजचा म्हणून दाखवतं, आणि त्या भावावर आपण माल विकायला काढतो. संपलेली मुदत चालू आहे असं वाटतं, किंवा चालू असलेली मुदत कळतच नाही. म्हणून बातमी वाचताना आधी तिची तारीख बघायची सवय लावा.

पुढच्या बैठकीत एवढं करा. प्ले स्टोअरमध्ये आपल्या ॲपचं पान उघडा आणि शेवटचं अपडेट कधी झालं ते बघा. वर्ष-दीड वर्षात काहीच झालेलं नसेल, तर दुसरं ॲप शोधायला लागा. आपण निवडलेल्या पेपरांची यादी वहीत लिहून ठेवा. ॲप बदललं तरी यादी आपली राहील. अपडेट आलं तर टाळू नका, वायफाय मिळेल तिथे करून घ्या.

आणि काही अडलं तर ॲप बनवणाऱ्याला कळवा. त्याच पानावर त्याचा ईमेल असतो. टॅब कुठला, अँड्रॉइड कितवं, नेमकं काय दिसतं, एवढं लिहा आणि स्क्रीनचा फोटो जोडा. मराठीत लिहायला अवघड जात असेल तर पवईच्या आयआयटीतच बनलेला 'स्वरचक्र' हा मराठी कीबोर्ड वापरून बघा. आपल्या गावात जोडाक्षर तुटलेलं दिसतंय, हे शहरात बसलेल्या एकट्या माणसाला आपण सांगितल्याशिवाय कसं कळणार? मोठ्या कंपनीकडे तपासायला माणसं असतात. एकट्याकडे वापरणारे आपणच असतो. आपल्या चार ओळींनी पुढचं अपडेट सुधारतं, आणि ते आपल्यासारख्या सगळ्या गटांच्या कामी येतं.

तारीख बघा, अपडेट बघा, अडलं तर लिहा. पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.