पिगट, लॉर्ड जॉर्ज

(४ मार्च १७१९–११ मे १७७७). ब्रिटिश संसद-सदस्य, आयरिश उमराव व दोनदा मद्रासचा गव्हर्नर. लंडन येथे जन्म. १७३६ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शिरला आणि १७५५ मध्ये मद्रासचा गव्हर्नर झाला. फ्रेंच सेनापती लाली याने १७५८-५९ मध्ये घातलेल्या वेढ्यातून त्याने मद्रासचा बचाव केला. १७६३ मध्ये अधिकारपद सोडून तो विपुल संपत्तीसह इंग्लंडला परतला. तिच्या बळावर त्याला लवकरच जमीनजुमला, संसदेतील जागा आणि किताब मिळाले. १७६४ मध्ये तो बॅरोनेट व १७६६ मध्ये आयर्लंडचा बॅरन झाला. आयरिश उमरावास हाउस ऑफ कॉमन्समध्ये बसता येत असल्याने त्याने वॉलिंगफर्ड (१७६५–६८) व ब्रिजनॉर्थ (१७६८–७७) या मतदारसंघांचे प्रतिनिधित्व केले.

तंजावरच्या मराठी राज्याशी त्याचा निकटचा संबंध आला. १७७३ मध्ये कंपनीच्या फौजेने अर्काटचा नबाब मुहम्मद अली याच्यासाठी तंजावर जिंकून तुळजाजी भोसले यास पदच्युत केले. संचालकांना हे कृत्य अमान्य होते. त्यांनी पिगटला पुन्हा मद्रासला पाठविले आणि ११ एप्रिल १७७६ रोजी त्याने तुळजाजीस गादीवर बसविले. तथापि नबाबाने आपल्या कर्जापोटी तंजावरचा महसूल कंपनीच्याच नोकरांकडे गहाण टाकला होता. त्यांपैकी पॉल बेनफील्ड याने सु. २,३४,००० पौंडांचा दावा मांडला. मंडळातील बहुमत त्यास अनुकूल झाले. गव्हर्नरच्या संमतीवाचून मंडळाचा निर्णय वैध नाही, अशी भूमिका घेऊन पिगटने विरोधी सदस्यांना निलंबित केले. उलट त्या सदस्यांनी २४ ऑगस्ट १७७६ रोजी त्यालाच अटक करविली. इंग्लंडहून त्याच्या पुनःस्थापनेचा व त्याचबरोबर परत बोलावल्याचा हुकूम निघाला; पण तो पोहोचण्यापूर्वीच पिगट स्थानबद्धतेत मरण पावला. तो अविवाहित असल्याने त्याची उमरावकी संपुष्टात आली.

जॉर्ज स्ट्रॅटन व अन्य तीन सदस्य १७७९ मधील खटल्यात दोषी ठरले. मात्र प्रत्येकी १,००० पौंड दंडावर त्यांची सुटका झाली. सावकारी करणारे नोकर आपल्याच गव्हर्नरला कैद करू शकतात, ही कंपनीच्या कारभारातील विकृती या प्रकरणाने उघड केली. १७८४ च्या पिटच्या कायद्याने कंपनीवर शासकीय नियंत्रण आले. परंतु नबाबाची कर्जे मान्य करण्यात आली. या निर्णयावर एडमंड बर्कने १७८५ मध्ये संसदेत प्रखर टीका केली.