टर्बो बदलण्यापूर्वी इंजिनाचा श्वास तपासा

आम्हा कापडवाल्यांची गाडी म्हणजे चाकांवरचे दुकान. ती दोन दिवस उभी राहिली तर माल पोहोचत नाही, आणि मालाबरोबर दिलेला शब्दही जातो. म्हणून गॅरेजवाल्याने खर्चाचा आकडा सांगितला की आपण फारशी चौकशी न करता मान हलवतो. हीच गफलत आमच्या हातून झाली.

आमच्या टर्बो डिझेल गाडीतून निळसर धूर येऊ लागला. टर्बोच्या नळीलाही तेल दिसले. मेकॅनिकने पाहताच "टर्बो गेला" असा निकाल दिला व आम्ही टर्बो बदलला. दोन महिन्यांत नव्या टर्बोतूनही तेल येऊ लागले. मग एका जुन्या कारागिराने गाडी हाती घेतली, तेव्हा कळले की दोष टर्बोचा नव्हताच. इंजिनातली वाफ बाहेर नेणारी ब्रीदरची नळी काजळी आणि तेलाच्या चिखलाने तुंबली होती. ती साफ केल्यावर तेल येणे थांबले. टर्बोचे पैसे मात्र गेले ते गेले. वाचक बांधवांचे तरी जाऊ नयेत म्हणून हा प्रपंच.

वाफ येते कोठून?

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी सिलिंडरमधला थोडा जळका वायू त्यांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. टर्बो गाडीत सिलिंडरमधला दाब जास्त, म्हणून हा वायूही जास्त. खाली गरम तेलाचे तुषार उडत असतात. ते या वायूत मिसळतात. ही तेलकट वाफ बाहेर काढली नाही तर आत दाब वाढतो.

जुन्या गाड्यांत ती एका नळीने सरळ रस्त्यावर सोडत. कॅलिफोर्नियात धुराचा त्रास वाढला तेव्हा तेथील १९६१ सालच्या मॉडेलांपासून ही वाफ पुन्हा इंजिनात नेऊन जाळण्याची व्यवस्था आली. आज सर्वत्र तीच पद्धत आहे.

साध्या पेट्रोल इंजिनात मेनिफोल्डची ओढ ही वाफ खेचून घेते. टर्बो पेट्रोलमध्ये अडचण अशी, की टर्बो जोरात चालू असताना मेनिफोल्डमध्ये ओढ नसते, उलट दाब असतो. तेव्हा एकेरी व्हॉल्व्ह ती वाट बंद करतो आणि वाफ टर्बोच्या तोंडाशी असलेल्या हवेच्या नळीत जाते. डिझेलमध्ये ती बहुधा नेहमीच टर्बोच्या तोंडाशी सोडतात. वाटेत तेल वेगळे करणारा सेपरेटर असतो, तरी थोडे तेल पुढे जातेच. म्हणून टर्बोच्या नळीत तेलाचा पातळ थर दिसला तर घाबरू नये. नळी काढताच तेल ठिबकू लागले किंवा इंटरकूलरमध्ये साचलेले दिसले, तर चौकशी करावी.

टर्बोवर आळ का येतो?

टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. त्याला तेल दाबाने मिळते, पण वापरलेले तेल परत चेंबरमध्ये उतरते ते केवळ स्वतःच्या वजनाने. खाली वाफेचा दाब साचला तर तेलाला उतरायला वाट राहत नाही. मग ते टर्बोच्या सीलमधून हवेच्या किंवा धुराच्या बाजूला निसटते. गटार तुंबले की मोरीत पाणी चढते. मोरी नवी बांधून उपयोग काय? चोंदलेला एअर फिल्टरही असाच घात करतो. हवा कमी पडली की टर्बो तेल ओढू लागतो.

आधी काय पाहावे?

एक, इंजिन गरम करून संथ चालू ठेवावे आणि तेल भरण्याचे झाकण सैल करून उलटे ठेवावे. बाही व हात पट्ट्यापासून दूर असावेत. थोडी थरथर चालते. झाकण उडू लागले किंवा वाफेचे भपकारे येऊ लागले, तर दाब जास्त आहे. पेट्रोल गाडीत उलट झाकण घट्ट चिकटून बसले व शिटी ऐकू आली, तर ब्रीदर व्हॉल्व्हचा पडदा फाटल्याचा संशय घ्यावा.

दोन, ब्रीदरची नळी, सेपरेटर व व्हॉल्व्ह साफ करून किंवा बदलून पुन्हा तपासावे. तरीही दाब तसाच असेल तर कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. रिंगा झिजल्या असतील. टर्बोचा नंबर यानंतर.

तीन, डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेच्या वर नको. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा डिझेल गाड्यांत धुराचा फिल्टर जाळून साफ होताना थोडे डिझेल तेलात उतरू शकते. तेल वाढलेले दिसले म्हणून खूश होऊ नये. सुतात पाणी मारून वजन वाढवावे तसा तो प्रकार. असे तेल लगेच बदलावे. जास्त तेल हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये गेले तर डिझेल इंजिन त्याच तेलावर पळत सुटते आणि चावी काढूनही थांबत नाही. गिअरची गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन बंद पडते.

तेल घेताना

कापड घेताना आपण विचारतो, धुतल्यावर किती आटेल? तेलाचीही अशी परीक्षा असते. नोआक चाचणीत तेल २५० अंशांवर एक तास तापवून किती टक्के उडाले ते मोजतात. अमेरिकी एपीआय दर्जाच्या आजच्या पेट्रोल तेलांना १५ टक्क्यांची मर्यादा आहे, युरोपच्या सी-३ दर्जाला १३ टक्क्यांची. जितके कमी उडेल तितकी वाफ कमी. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेला दर्जाच घ्यावा आणि मुदतीत बदलावा. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत तर हे जास्तच महत्त्वाचे. तेथे व्हॉल्व्ह धुवायला पेट्रोल येत नाही, म्हणून तेलाची काजळी बसतच राहते.

वाटेत तेल अडवणारा डबा, म्हणजे कॅच कॅन, बसवून देणारेही भेटतात. तो बंदिस्त असावा आणि वेळेवर रिकामा करावा. भरला की तोच बूच होतो. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीला विचारल्याशिवाय बसवू नये. नळी उघडी सोडून वाफ हवेत सोडणे मात्र सर्वथा चूक.

ब्रीदर साफ करायला तासभर लागतो. टर्बोचे बिल मंजूर करण्यापूर्वी तेवढा एक तास गॅरेजवाल्याकडून मागून घ्या.