तरफ आणि स्प्रिंग : विद्युत्-जोडणीच्या विश्वसनीयतेचा विचार

विद्युत्-अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात जनित्र, रोहित्र आणि मोटर यांना जेवढे स्थान मिळते, त्याच्या शतांशही दोन तारांच्या सांध्याला मिळत नाही. वस्तुतः विद्युत्-मंडल तुटावयाचे झाल्यास ते बहुधा सांध्यापाशीच तुटते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. प्रवरा आणि मुळा यांच्या लाभक्षेत्रातील ऊस असो की विहिरीवरचा कांदा असो, पिकाचे पाणी अखेर विजेच्या पंपावरच येऊन ठेपते. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले. त्याच्या साह्याने देशात ज्या पहिल्या पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या, त्यांपैकी श्रीरामपूरची मुळा-प्रवरा ही एक होती. २०११ साली तिच्या क्षेत्रातील वीजवितरण महावितरणकडे गेले. संस्था कोणतीही असो, तिची वाहिनी मीटरपर्यंत येते. मीटरपासून स्टार्टरपर्यंत आणि स्टार्टरपासून मोटरीपर्यंतचे सांधे मात्र शेतकऱ्याच्या आणि गावच्या वायरमनच्या हातचे असतात.

हे सांधे पुष्कळदा तारांना पीळ देऊन व वर टेप गुंडाळून केलेले असतात. फार तर चिनी मातीच्या कनेक्टरात स्क्रूने आवळलेले असतात. त्यांऐवजी अलीकडे तरफेचे छोटे कनेक्टर बाजारात मिळू लागले आहेत. तरफ उचलावी, तार आत सारावी, तरफ खाली दाबावी, एवढ्यात जोडणी पुरी होते. ही जोडणी खरोखर भरवशाची आहे काय, आणि नसल्यास ती तशी कशी करता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

संपर्क म्हणजे काय?

दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले, तरी ते एकमेकांना थोड्याशा उंचवट्यांवरच टेकतात. प्रत्यक्ष संपर्काचे क्षेत्रफळ दिसणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून नसून दाबणारे बल भागिले धातूची कठिनता यावर अवलंबून असते. तांब्याची कठिनता दर चौरस मिलिमीटरला सुमारे १००० न्यूटन धरली आणि स्प्रिंगचे बल २० न्यूटन, म्हणजे सुमारे २ किलोग्रॅम वजनाइतके धरले, तर खरा संपर्क ०.०२ चौरस मिलिमीटर येतो. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेच्या छेदाशी ताडून पाहिल्यास हा संपर्क एक शतांशही भरत नाही. सारा प्रवाह या अरुंद वाटेने जातो.

या आकुंचनामुळे येणाऱ्या रोधाचे गणित राग्नार होल्म यांनी विसाव्या शतकात पद्धतशीर मांडले. संपर्कबिंदू वर्तुळाकार मानल्यास रोध म्हणजे धातूची रोधकता भागिले त्या वर्तुळाचा व्यास. वरील उदाहरणात तो सुमारे ०.१ मिलिओहम येतो. पाच अश्वशक्तीची त्रिकला मोटर पूर्ण भारावर सुमारे ७.५ अँपिअर प्रवाह घेते. तेव्हा निरोगी सांध्यावर एक मिलिव्होल्टही खर्च होत नाही.

आता हाच सांधा सैल झाला, संपर्कबिंदू हलू लागले आणि त्यांवर ऑक्साइडचा पापुद्रा चढून रोध १६ मिलिओहम झाला असे समजू. सांध्यावरील विभवान्तर ०.१२ व्होल्ट होईल. होल्म यांच्या सिद्धान्तानुसार संपर्कबिंदूचे तापमान या विभवान्तरावरूनच ठरते. तांब्याच्या बाबतीत ०.१२ व्होल्टला संपर्कबिंदू मऊ पडतो व ०.४३ व्होल्टला वितळतो. मोटर सरळ लाइनवर सुरू करताना प्रवाह सुमारे सहापट, म्हणजे ४५ अँपिअर होतो, आणि क्षणभर का होईना, विभवान्तर वितळण्याची मर्यादा ओलांडते. बिंदू वितळतात, थंड होताना तडकतात, आणि पुढच्या खेपेस सांधा आणखी वाईट असतो.

शेतीचा वीजपुरवठा पाळ्यांनी होत असल्याने हे तापणे-निवणे नित्याचेच आहे. अखेरीस तीन कलांपैकी एक तुटते. मोटर तेवढाच भार ओढू पाहते, उरलेल्या दोन कलांतील प्रवाह सुमारे १.७३ पट होतो आणि त्या गुंडाळ्यांतील उष्णता तिप्पट होते. संरक्षक रिले नसेल तर मोटर जळते, आणि ऐन पाण्याच्या पाळीला जळालेली मोटर म्हणजे दुरुस्तीच्या खर्चाबरोबर पिकाचेही नुकसान होय.

स्क्रू आणि स्प्रिंग

स्क्रूचा सांधा आरंभी फार जोरकस असतो, परंतु त्यात लवचीकपणा नसतो. सततच्या दाबाखाली तांबे, आणि त्याहून अधिक अ‍ॅल्युमिनियम, हळूहळू पसरते. स्क्रूने तार व अग्र मिळून ०.१ मिलिमीटर दाबले असतील आणि तार ०.०५ मिलिमीटर बसली, तर निम्मे बल नाहीसे झाले. याउलट २ मिलिमीटर वाकवून २० न्यूटन बल देणारी स्प्रिंग घ्या. तार तेवढीच बसली तरी बल अर्ध्या न्यूटनानेच, म्हणजे अडीच टक्क्यांनी, घटते. हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत, पण त्यांतील तत्त्व स्पष्ट आहे. आरंभीचे बल किती यापेक्षा ते किती काळ टिकते याला महत्त्व आहे. शिवाय स्क्रूचे बल आवळणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून असते, स्प्रिंगचे कारखान्यातच ठरलेले असते.

जर्मनीतील मिंडेन येथे १९५१ साली स्थापन झालेल्या वागो या संस्थेने स्प्रिंगच्या अग्रांवर आपला व्यवसाय उभारला व १९७७ साली पिंजऱ्याच्या आकाराची स्प्रिंग प्रचारात आणली. या रचनेत कामाची वाटणी केलेली असते. कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची पट्टी प्रवाह वाहते, तर क्रोम-निकेल पोलादाची स्प्रिंग केवळ दाब देते. तरफेचे कनेक्टर हा याच विचाराचा पुढचा टप्पा होय.

तरफेचे खरे काम

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तरफ तारेला दाबून धरीत नाही; ती फक्त स्प्रिंग उघडते. टेकूपासून अंगठा १२ मिलिमीटरवर आणि स्प्रिंगला ढकलणारा उंचवटा २ मिलिमीटरवर असेल, तर ६० न्यूटनची स्प्रिंग १० न्यूटनच्या बलाने उघडते. तरफ मिटल्यावर तिचे यांत्रिक काम संपते. यास्तव जोडणी सुधारण्याचा विचार पुढील चार मुद्द्यांभोवती फिरतो.

पहिला मुद्दा अर्धवट मिटलेल्या तरफेचा. काम करणाऱ्यास सांधा झाला असे वाटते, पण स्प्रिंग अद्याप अधांतरी असते. यावर उपाय म्हणजे तरफेला मधल्या जागी स्थिर राहताच येऊ नये, अशी रचना करणे. मृतबिंदू ओलांडताच तिने आपण होऊन एका टोकाला झटक्याने गेले पाहिजे. घरातील लहान सर्किट ब्रेकरच्या खटक्यात हेच तत्त्व असते. अहमदनगरच्या औद्योगिक वसाहतीत लार्सन अँड टुब्रोने उभारलेल्या आणि २०२० साली श्नायडर इलेक्ट्रिककडे गेलेल्या स्विचगिअर कारखान्यामुळे हे तंत्र या शहराला अपरिचित नाही.

दुसरा मुद्दा, तरफ मिटल्यावर तिच्या उंचवट्यात व स्प्रिंगमध्ये निश्चित अंतर राहिले पाहिजे. ते न राहिल्यास स्प्रिंगच्या बलाचा काही भाग तरफेचे प्लॅस्टिक पेलते आणि तारेवरचा दाब तेवढ्याने कमी होतो.

तिसरा मुद्दा पापुद्रा खरवडण्याचा. तार नुसती खुपसावयाच्या कनेक्टरात ती स्प्रिंगच्या कडेला घासत आत जाते व तिचा पृष्ठभाग आपोआप खरवडला जातो. तरफेच्या कनेक्टरात वाट आधीच मोकळी केलेली असल्याने हा लाभ मिळत नाही. म्हणून स्प्रिंगचे टोक तारेवर सरळ न उतरता किंचित तिरके सरकत उतरेल, असा त्याचा मार्ग आखणे इष्ट होय.

चौथा मुद्दा पडताळणीचा. आवरण किती सोलावे याची खूण कनेक्टरावरच असावी, तारेला टेकण्यास आत भिंत असावी, आणि कवच पारदर्शक असावे. वर प्रोबसाठी छिद्रही हवे, कारण सांध्याचे आरोग्य अखेर मिलिव्होल्टांत मोजावयाचे असते. स्क्रूविरहित अग्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकांत १९२ तापचक्रांची परीक्षा असून विभवान्तरावर २२.५ मिलिव्होल्टांची मर्यादा घातली आहे. तांबे मऊ पडण्याची १२० मिलिव्होल्टांची सीमा पाहता या मर्यादेमागील सावधगिरी ध्यानात येते.

मर्यादा

एवढ्यावरून पंपाच्या पेटीत हे कनेक्टर सरसकट वापरावे असे मात्र म्हणता येत नाही. ते साधारणतः ४ ते ६ चौरस मिलिमीटरपर्यंतच्या तारांसाठी आणि बहुतेक करून तांब्यासाठीच असतात. मीटरकडून येणारी केबल पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमची व याहून जाड असते. अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड क्षणात बनतो व विजेला अडवतो. तापल्यावर तांबे दर अंशाला दशलक्षांत १७ भाग प्रसरण पावते, तर अ‍ॅल्युमिनियम २३ भाग. त्यामुळे दोहोंचा सांधा प्रत्येक तापचक्रात किंचित सरकतो. ओलाव्यात या जोडीचे क्षरणही होते. अशा ठिकाणी दाबून बसविलेली द्विधातू थिंबल हाच आज योग्य मार्ग आहे. स्टार्टरमधील नियंत्रणाच्या बारीक तारा, मोटार-संरक्षक रिले आणि पंपघरातील दिवाबत्ती यांसाठी मात्र तरफेचा कनेक्टर पीळ-टेपेपेक्षा निःसंशय श्रेष्ठ ठरतो.

जाड अ‍ॅल्युमिनियम केबलसाठी, धूळ व ओलावा सोसणारा आणि शेतकऱ्याला परवडणारा तरफेचा कनेक्टर घडविणे हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगा विषय आहे. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. स्थिर प्रवाहाचा स्रोत, मिलिव्होल्टमापक, तापमापक आणि वीजपुरवठ्याच्या पाळ्यांप्रमाणे प्रवाह चालू-बंद करणारे घड्याळ एवढी सामग्री पुरते. प्रत्येक चक्रानंतरचे मिलिव्होल्ट नोंदवीत गेल्यास चढती रेषा सांधा तुटण्यापूर्वीच त्याचे भवितव्य सांगेल. त्या रेषेचा चढ कमी करणारी प्रत्येक सुधारणा म्हणजे जळण्यापासून वाचलेली एखादी मोटर होय.