हीट पंप आणि गोठणारे पाणी

हीट पंप म्हणजे उलटा चालणारा एसी, असे म्हटले जाते आणि ते बरेचसे खरे आहे. मुंबई-पुण्यातला स्प्लिट एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून खोलीत आणतो. भाग तेच असतात: कॉम्प्रेसर, दोन कॉइल, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि त्यांतून फिरणारा गॅस. भर असते ती गॅसची वाट उलटी फिरवणाऱ्या रिव्हर्सिंग व्हॉल्व्हची. उणे 15 अंश सेल्सिअसच्या हवेत उष्णता कुठली, असे कोणालाही वाटेल. पण आर-32 हा गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे 52 अंशांच्या आसपास उकळतो. त्याच्या लेखी उणे 15 अंशांची हवा उबदारच असते. कॉइलमधला गॅस हवेपेक्षा थंड ठेवला की उष्णता आपसूक त्याच्याकडे वाहते, आणि कॉम्प्रेसर तो दाबून तापवतो.

साधा विजेचा हीटर एका युनिट विजेतून एक युनिट उष्णता देतो. चांगला हीट पंप सौम्य थंडीत तीन ते चार युनिट आणि उणे 15 अंशांत सुमारे दोन युनिट देतो. थंडी वाढते तशी उष्णतेची गरज वाढते आणि यंत्राची ताकद मात्र घटते. ही कात्री जुन्या यंत्रांना पेलत नसे. वेग कमी-जास्त करणारा इन्व्हर्टर कॉम्प्रेसर आणि दाबण्याच्या मधल्या टप्प्यावर थोडा गार गॅस आत सोडण्याची युक्ती यांनी चित्र पालटले. अमेरिकेच्या ईशान्य टोकावरील मेन राज्यात निम्म्याहून अधिक घरे खनिज तेल जाळून ऊब मिळवत. या राज्याने 2019 मध्ये ठरवले की 2025 पर्यंत 1 लाख हीट पंप बसवायचे. ते लक्ष्य 2023 मध्येच पूर्ण झाले. राज्याच्या उत्तरेकडील कॅरिबू गावात वर्षाला सरासरी अडीच मीटरहून जास्त हिम पडते, हे लक्षात घेतले की या आकड्याचे वजन कळते.

यंत्र थंडीत चालते, हा वाद आता मिटल्यात जमा आहे. उरतो तो बसवण्याचा प्रश्न. मेनसारख्या ठिकाणी नीट न बसवलेल्या यंत्रांच्या तक्रारी पाहिल्या, तर बहुतेकांच्या मुळाशी पाणी सापडते. कॉइलवर गोठलेले, तळाशी साचलेले, छपरावरून कोसळलेले किंवा तांब्याच्या नळीत अडकून राहिलेले.

सुरुवात मात्र आकारमानापासून होते. आपल्याकडे एसी ‘दीड टन’ म्हणून विकत घेतला जातो. एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट. हा आकडा थंडावा देण्याच्या क्षमतेचा असतो, आणि हिवाळ्यासाठी तो जवळजवळ निरुपयोगी आहे. पाहायचे असते ते उणे 15 किंवा उणे 20 अंशांत यंत्र किती किलोवॅट उष्णता देते, आणि त्याच तापमानाला घरातून किती उष्णता गळते. ही गळती भिंती, खिडक्या, पोटमाळा आणि फटींतून होणाऱ्या हवेच्या ये-जा यांवरून मोजतात. हिशेब वर्षातल्या सर्वांत वाईट रात्रीसाठी केला जात नाही. त्या गावी वर्षातल्या 99 टक्के तासांत पारा ज्याच्याखाली उतरत नाही, ते तापमान धरतात. उरलेल्या तासांसाठी जुना बॉयलर, लाकडाची शेगडी किंवा विजेचा हीटर असतो. ‘असू दे जरा मोठे’ म्हणून दुप्पट क्षमतेचे यंत्र घेतले, तर सौम्य दिवसांत ते सतत बंद-चालू होत राहते, वीज जास्त खाते आणि कॉम्प्रेसर लवकर झिजतो. पोटमाळ्यावर उष्णतारोधक थर आधी अंथरला, तर पुष्कळदा लहान यंत्र पुरते. हा सल्ला विक्रेत्याकडून क्वचितच मिळतो.

आता आउटडोअर युनिटची जागा. बाहेरची कॉइल हवेपेक्षा थंड असल्यामुळे हवेतली वाफ तिच्यावर गोठते, जुन्या फ्रीजच्या फ्रीझरमध्ये गोठते तशीच. गंमत अशी की हा त्रास सर्वांत जास्त होतो तो कडाक्याच्या थंडीत नाही. शून्याच्या आसपासच्या दमट दिवसांत होतो. शून्य अंशाची पूर्ण दमट हवा घनमीटरमागे जवळपास 5 ग्रॅम वाफ बाळगते, तर उणे 20 अंशांची जेमतेम 1 ग्रॅम. थर वाढला की हवा कॉइलमधून जाईनाशी होते. मग यंत्र स्वतःहून डिफ्रॉस्ट सुरू करते: रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह फिरतो, बाहेरचा पंखा थांबतो, घरातली थोडी उष्णता उसनी घेऊन कॉइल तापते आणि काही मिनिटांत थर वितळतो. या वेळी युनिटमधून वाफेचे लोट उठतात. पहिल्या हिवाळ्यात ते पाहून यंत्राला आग लागली असे घरमालकांना वाटते. मेकॅनिकने ही गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी.

वितळलेले पाणी कुठे जाणार, यावर पुढचे सगळे ठरते. युनिट जमिनीवरच्या फरशीवर टेकवले असेल तर पाणी तळाच्या तव्यात थांबते आणि पुन्हा गोठते. दर डिफ्रॉस्टला त्यात भर पडत जाते. शेवटी बर्फ पंख्याच्या पात्यांपर्यंत चढतो किंवा कॉइलच्या नळ्या चेपून टाकतो. म्हणून थंड प्रदेशात युनिट लोखंडी स्टँडवर उचलून बसवतात. जमिनीपासून 45 ते 60 सेंटिमीटर उंची साधारण हिमवृष्टीच्या भागात चालते. कॅरिबूसारख्या ठिकाणी साचणाऱ्या हिमाच्या नेहमीच्या पातळीच्या वर तेवढे अंतर धरावे लागते. तळाची भोके उघडी राहिली पाहिजेत. तिथे ड्रेन पाइप जोडून पाणी ‘नीटनेटके’ वाहून नेण्याचा मोह होतो, पण उघड्यावरचा तो पाइपच आधी गोठतो. पाणी सरळ खाली खडीच्या थरावर पडू देणे चांगले. तळाच्या तव्यात छोटा हीटर असेल तर तो थर्मोस्टॅटवर चालणारा असावा, नाहीतर तो हिवाळाभर विनाकारण वीज जाळत राहतो.

स्टँडखालची जमीनही स्थिर नसते. मेनमध्ये माती एक मीटरहून खोल गोठते, आणि ओली माती गोठताना फुगून वर उचलली जाते. वरवर ओतलेला काँक्रीटचा ठोकळा दोन हिवाळ्यांत कलंडू शकतो. पाणी निचरू देणारी ठोकलेली खडी त्याहून भरवशाची. भिंतीच्या ब्रॅकेटवर युनिट बसवले तर ही अडचण येत नाही. मात्र लाकडी घरात कॉम्प्रेसरची घरघर भिंतीतून शयनगृहापर्यंत पोहोचते, आणि रबरी पाये लावूनही ती पूर्णपणे जात नाही.

छपराच्या कडेखाली युनिट कधीही ठेवू नये. पत्र्याच्या छपरावरून हिमाचा अख्खा थर एकदम घसरतो, आणि थेंबथेंब पडणारे पाणी पंख्याच्या जाळीवर बर्फाचे झाकण तयार करते. युनिटच्या मागे उत्पादकाने नेमून दिलेली फट आणि पुढे मोकळी जागा लागते. लाकडी जाळीच्या सुबक खोक्यात ते झाकले, तर बाहेर टाकलेली गार हवाच पुन्हा आत ओढली जाते. जोराच्या वाऱ्याला सामोरे असलेल्या युनिटला वातरोधक पत्रा लावतात. वितळलेले पाणी पायवाटेवर किंवा दाराच्या पायरीवर पडणार नाही, हेही पाहावे लागते. तिथे रातोरात काचेसारखा बर्फ होतो आणि सकाळी कोणाचे तरी हाड मोडते.

बाहेरचे पाणी निदान दिसते तरी. आतले पाणी दिसत नाही, आणि तेच जास्त घातक असते. नळी जोडताना तिच्यात दमट हवा शिरतेच. कॉम्प्रेसरमधले कृत्रिम तेल ओलावा शोषून घेण्यात पटाईत असते. ओलाव्याशी संयोग होऊन त्यात आम्ल तयार होते आणि ते मोटरच्या वेटोळ्यांवरचे आवरण खाते. उरलेला थेंब एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात गोठून वाट अडवतो. आपल्या शहरांत घाईतला मेकॅनिक पुष्कळदा थोडा गॅस सोडून लाइन ‘साफ’ करतो आणि काम आटोपते घेतो. उन्हाळ्यातल्या एसीत त्याचे फळ उशिरा दिसते. उणे 20 अंशांत ते लवकर दिसते. शिवाय हवेत सोडलेला आर-32 गॅस शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेसातशे पट तापमानवाढ करतो. अमेरिकेत आणि युरोपात तो मुद्दाम सोडणे गुन्हा आहे आणि असे काम परवानाधारकानेच करायचे असते.

योग्य क्रम असा आहे. तांब्याच्या नळीला ब्रेझिंग करताना आतून नायट्रोजनचा मंद प्रवाह चालू ठेवतात, म्हणजे आत ऑक्साइडची काळी पापडी धरत नाही. फ्लेअर नट अंदाजाने पिळायचे नसतात. टॉर्क पान्याने नेमके तेवढेच आवळायचे असतात. कमी आवळला तर नट गळतो आणि जास्त आवळला तर तांबे चिरते. मग कोरड्या नायट्रोजनने दाबाची चाचणी होते. इथे ऑक्सिजन वापरणे म्हणजे जिवाशी खेळ: दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो. चाचणी रात्रभर ठेवली आणि पारा 10 अंशांनी उतरला, तर 40 बारचा दाब गळती नसतानाही साडेअडतीसच्या आसपास येतो. हे ध्यानात न घेणारा मेकॅनिक नसलेली गळती शोधत बसतो.

त्यानंतर व्हॅक्यूम, आणि कडाक्याच्या थंडीतला खरा पेच इथे आहे. व्हॅक्यूम मायक्रॉनमध्ये मोजतात. समुद्रसपाटीवरची हवा 7 लाख 60 हजार मायक्रॉन दाबाची असते, आणि नळीत 500 मायक्रॉनच्या खाली जायचे असते. दाब इतका उतरला की नळीतले पाणी उकळून वाफ होऊन पंपाकडे जाते. पण ते गोठलेले असेल तर? शून्य अंशाच्या बर्फाचा बाष्पदाब सुमारे 4,600 मायक्रॉन असतो, तो पंपासमोर टिकत नाही. उणे 20 अंशांच्या बर्फाचा दाब मात्र जेमतेम 780 मायक्रॉन भरतो. म्हणजे मीटर 500 दाखवत असतानाही बर्फ अगदी धीम्या गतीने उडत असतो, आणि पंप घाईने बंद केला तर तो नळीतच राहतो. म्हणून पंप वेगळा करून काही वेळ मीटरवर नजर ठेवतात. आकडा वर चढून एका जागी थांबला तर आत ओलावा आहे. चढतच राहिला तर गळती आहे. उपाय जुनाच आहे: मध्ये नायट्रोजन भरून दोन-तीनदा व्हॅक्यूम करायचा आणि शक्य असल्यास नळी बाहेरून उबदार ठेवायची. गॅसही थंडीत दाब पाहून भरत नाहीत. नळीच्या लांबीप्रमाणे लागणारे ग्रॅम काट्यावर तोलून भरतात.

गॅसच्या जातीनुसार आणखी काळजी लागते. आर-32 सौम्य ज्वलनशील आहे, त्यामुळे फार लहान खोलीत मोठे इनडोअर युनिट चालत नाही. किमान क्षेत्रफळ उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेले असते. युरोपात आता प्रोपेनवर चालणारी यंत्रे वाढत आहेत. प्रोपेनमुळे तापमानवाढीचा प्रश्न जवळपास मिटतो, पण तो सहज पेट घेतो आणि हवेपेक्षा जड असतो. म्हणून त्याचे युनिट घराबाहेरच ठेवतात, आणि तेही तळघराची खिडकी, गटाराचे तोंड किंवा कुठलाही खड्डा यांच्यापासून दूर.

विजेच्या कामात नवलाचे फारसे नाही: स्वतंत्र सर्किट, नामफलकावर लिहिलेल्या क्षमतेचा ब्रेकर, पक्के अर्थिंग आणि युनिटजवळ नजरेसमोर तोडता येईल असा स्विच. स्विच बंद केल्यावरही इन्व्हर्टरमधले कपॅसिटर काही मिनिटे विजेने भरलेले असतात, हे विसरता कामा नये. सोबतीला विजेचा हीटर असेल तर एकट्या त्यालाच 5 ते 15 किलोवॅट लागतात, आणि जुन्या घराचे मीटर ते सोसेल का, हे आधी तपासावे लागते.

जुना तेलाचा बॉयलर ठेवला तर त्याचे धुराडे आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दोन्ही चालू हवेत, कारण क्वचित पेटणाऱ्या बॉयलरकडे कोणाचे लक्ष नसते. तो काढून टाकला तर वेगळीच गोष्ट घडते. तळघरातला बॉयलर वर्षानुवर्षे आपल्या वाया जाणाऱ्या उष्णतेने तिथल्या पाण्याच्या नळ्या उबदार ठेवत आलेला असतो. हीट पंप वरच्या खोल्या तापवतो, तळघर तसेच थंड पडते, आणि जानेवारीच्या एखाद्या रात्री नळी फुटते. म्हणून यंत्र बदलताना तळघराच्या भिंतींना उष्णतारोधक थर देणे किंवा नळ्यांची वाट बदलणे हे त्याच कामाचा भाग धरले जाते.

हिमवादळात वीज गेली तर हीट पंप थांबतो, म्हणून मेनमधल्या पुष्कळ घरांत लाकडाची शेगडी अजून आहे. वीज परतल्यावरही घाई करून चालत नाही. थंडगार पडलेल्या कॉम्प्रेसरच्या तेलात गॅस विरघळून राहिलेला असतो. लगेच सुरू केल्यास तेल फेसाळते आणि बेअरिंग कोरडे पडतात. यासाठी कॉम्प्रेसरच्या बुडाशी छोटा हीटर असतो. पुष्कळ यंत्रे तेल तापेपर्यंत स्वतःच थांबतात. काहींच्या पुस्तिकेत वीज आल्यानंतर काही तास वाट पाहण्याची सूचना असते. तोवर बाहेर जाऊन स्टँडखालचे आणि युनिटभोवतीचे हिम फावड्याने काढून घेता येते.