सात मोहऱ्यांचे दफ्तर

देगलूरसारख्या तालुक्याच्या गावी बुद्धिबळातील डावाच्या अखेरीचा अभ्यास आता मोबाईलवरही होतो. परंतु स्थितीचे मोल आकड्यात सांगणाऱ्या बुद्धिबळ-इंजिनाच्या आकड्यावर आंधळेपणाने विसंबू नये. पांढऱ्याचा राजा, पांढऱ्या घरांवरून फिरणारा उंट व 'एच' पट्टीतले कडेचे प्यादे मांडा आणि काळा राजा 'एच८'च्या कोपऱ्यात बसवा: नुसती मोहऱ्यांची मोजदाद करणारे इंजिन पांढऱ्यास भरघोस आघाडी बहाल करील, पण तो कोपरा काळ्या घराचा, तेथे त्या उंटाचा अंमल चालत नाही, म्हणून डाव बरोबरीतच सुटतो. अशा वेळी फैसला टेबलबेसकडे, म्हणजे मोजक्या मोहऱ्यांच्या प्रत्येक स्थितीचा अचूक निकाल नोंदवलेल्या दफ्तराकडे, मागावा. राजांसह सात मोहऱ्यांच्या स्थितींचे असे दफ्तर २०१२ साली मॉस्कोच्या 'लोमोनोसोव' महासंगणकावर सिद्ध झाले. 'लीचेस' या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर 'सिझिजी' नावाचे असेच दफ्तर विनामूल्य खुले आहे. मात्र आधी आपली चाल कागदावर लिहावी, मगच ते उघडावे.