विश्लेषण : गावातल्या वीरगळींवर एम. ए.चा संशोधन प्रकल्प कसा करावा?

वारसा अभ्यास, पुरातत्त्व किंवा प्राचीन इतिहास घेऊन एम. ए. करणाऱ्यांना अखेरच्या वर्षी बहुतेक ठिकाणी स्वतंत्र संशोधन प्रकल्प करावा लागतो. विषय निवडताना पहिली नावे येतात ती अजिंठा, वेरूळ आणि रायगडाची. २०२५मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेल्यापासून किल्ल्यांची चर्चा अधिकच आहे. मात्र एकट्याने, काही महिन्यांत आणि बसच्या तिकिटाएवढ्या खर्चात पुरे होईल असे काम अनेकदा गावच्या मारुतीच्या देवळामागे, शेंदूर फासलेल्या दगडाच्या रूपात उभे असते.

वीरगळच का?

युद्धात किंवा गोधन राखताना मरण आलेल्या वीराचे स्मारक म्हणजे वीरगळ. ‘कल्लु’ म्हणजे दगड, या कानडी शब्दाशी या नावाचे नाते आहे. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, अशी तिची सर्वसाधारण रचना. खाली गुरे कोरलेली दिसली, तर मरणाचे कारणही कळते. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरच्या वीरगळींवर तर जहाजांची लढाई आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळींवर लेख नाही. त्यामुळे काळ ठरवताना वेशभूषा, शस्त्रे आणि कोरीवकामाची शैली यांवर भिस्त ठेवावी लागते. अशा वेळी एकच साल ठामपणे लिहिण्यापेक्षा ‘अमुक ते अमुक शतक’ असे म्हणणे अधिक प्रामाणिक.

यादीला प्रश्न हवा

‘अमुक तालुक्यातील वीरगळी : एक अभ्यास’ हे शीर्षक ग्रंथालयात ढिगाने सापडेल. त्यातून यादी मिळते, उत्तर मिळत नाही, कारण प्रश्नच विचारलेला नसतो. घाटवाटेच्या तोंडाशी असलेल्या गावांत गुरे राखताना मेलेल्यांच्या वीरगळी जास्त आहेत का? हा प्रश्न वीस-पंचवीस गावांत तपासता येतो आणि उत्तर ‘नाही’ आले तरी प्रकल्प वाया जात नाही.

इथेच खरी अडचण सुरू होते. उत्तर शिळेच्या मूळ जागेवर अवलंबून असते आणि शिळा जागेवर राहत नाहीत. देवळाचा जीर्णोद्धार निघाला की त्या आवाराच्या कडेला जातात, रस्ता रुंद झाला की ओढ्याकाठी. कुठे त्यांच्यावर धुणे धुतले जाते, कुठे ऑइलपेंटचे थर चढतात. ‘ही पूर्वी वेशीपाशी होती’ हे सांगणारी म्हातारी माणसे गावागणिक दोन-चार उरली आहेत. त्यामुळे ग्रंथालयातले काम थोडे मागे पडले तरी चालेल. या माणसांना पहिल्याच फेरीत गाठावे. जुने जिल्हा गॅझेटियर पुढच्या महिन्यातही वाचता येईल.

परवानगी कोणाची?

स्थळ केंद्राच्या संरक्षणाखाली असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आणि राज्य संरक्षित असेल तर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे विचारणा करावी. बाकीच्या शिळांसाठी ग्रामपंचायत, देवस्थान किंवा जमीनमालक. विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र जवळ असले, की ‘गुप्तधन शोधायला आलात का?’ या हमखास प्रश्नाला उत्तर देणे सोपे जाते. खणणे किंवा शिळा हलवणे हा विद्यार्थ्याचा अधिकार नाही, गावकऱ्यांनी आग्रह केला तरीही.

शिळेजवळ काय करावे?

उंची, रुंदी, जाडी, दगडाचा प्रकार, तोंड कोणत्या दिशेला, किती चौकटी आणि प्रत्येकीत काय, हे त्याच दिवशी लिहावे. मोबाइलवर अक्षांश-रेखांश घ्यावेत. फोटोत मोजपट्टी असावी आणि फोटो सकाळी किंवा संध्याकाळी घ्यावेत, कारण तिरप्या उन्हात झिजलेली रेषाही उठून दिसते. भर दुपारच्या उजेडात कोरीवकाम सपाट वाटते. अक्षरे दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळणे, शेंदूर तारेच्या ब्रशने खरवडणे हे पूर्ण वर्ज्य. शेंदराखालचे शिल्प दिसत नसेल तर नोंदीत ‘दिसत नाही’ एवढेच लिहावे. गाव ज्याला देव मानते, त्याला विद्यार्थ्याच्या सोयीसाठी उघडे करायचे नसते.

गावकऱ्यांचे सांगणे पुरावा मानावे का?

मानावे, पण कशाचा ते स्पष्ट ठेवून. एखाद्या गावात वीरगळीला पांडव म्हणतात, कुठे ती राखणदार असते. यावरून शिळेचा काळ ठरत नाही. आजच्या गावाने तिला काय मानले आहे ते कळते. म्हणून शिल्पावरून निघालेले अनुमान आणि ऐकीव माहिती वेगवेगळ्या रकान्यांत असावी. बोलणे रेकॉर्ड करण्याआधी संमती घ्यावी आणि नाव छापायचे की नाही हेही विचारावे.

नोंदी कुठे जातात?

प्रबंध विभागाच्या कपाटात जातो आणि बहुधा तिथेच राहतो. ज्या गावांनी वेळ दिला, त्यांच्या शिळांची पाने मराठीत छापून ग्रामपंचायतीत द्यायला फार खर्च येत नाही. पुढे गटार किंवा सभामंडप बांधताना दगड उचलायची वेळ आली, तर तो काय आहे हे सांगणारा कागद गावात असतो. समाजमाध्यमांवर मात्र निर्जन जागेतल्या सुट्या शिळांचे नेमके अक्षांश-रेखांश टाकू नयेत. मूर्तिचोरांनाही मोबाइल वापरता येतो.