बँकॉकच्या आधी नार्वेची फेरीबोट

आपल्या घरांतल्या तरुण मुलांच्या गप्पांत सध्या थायलंड, व्हिएतनाम, श्रीलंका, बाली ही नावे सारखी येतात. पहिली नोकरी लागली की चार मित्रमैत्रिणी पैसे जमवू लागतात आणि स्वस्त विमानतिकिटाची वाट बघत बसतात. छानच आहे. घरच्या मोठ्यांना मात्र दोन काळज्या असतात. पैसे पुरतील का, आणि अनोळखी मुलखात मुलांचे निभावेल का?

या दोन्ही काळज्यांवर एक उपाय आहे, तोही घरचाच. परदेशी निघण्याआधी तीन दिवस लाटंबार्सेच्या घरी राहा, गाडीला हात लावू नका आणि डिचोली-पेडणे हे दोन तालुके फिरून या. जे कमी पैशांत आशिया फिरतात, ते जे काही करतात ते सगळे इथे शिकायला मिळते.

ते काय करतात? तिथली माणसे कामाला जाताना ज्या वाहनाने जातात, त्यानेच हेही जातात. बँकॉकमध्ये चाओ फ्राया नदीवर रोजच्या नोकरदारांसाठी बोटी चालतात. त्याच बोटीतून काठावरची मोठी मंदिरे बघता येतात, त्यासाठी वेगळी सहल विकत घ्यावी लागत नाही. हाँगकाँगची प्रसिद्ध स्टार फेरी मुंबईहून गेलेल्या दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थांनी १८८८ मध्ये सुरू केली. आजही ती शहरातल्या सर्वांत स्वस्त सफरींपैकी एक आहे. व्हिएतनाममध्ये हनोई ते हो ची मिन्ह सिटी हा १,७२६ किलोमीटरचा रेल्वेमार्ग आहे. रात्रीच्या गाडीने गेले की त्या रात्रीचे हॉटेलचे पैसे वाचतात. सामान कमी, जेवण दुपारी जिथे कामगार जेवतात तिथे, आणि वाट विचारायला लाज नाही, एवढेच त्यांचे भांडवल.

आता हेच आपल्या गावाहून करून बघू.

पहिला दिवस: जवळचेच, पण पायी

लाटंबार्से दोडामार्गच्या सीमेला लागून आहे. गावातून एकीकडे डिचोली, एकीकडे अस्नोड्यावरून म्हापसा आणि तिसरीकडे दोडामार्ग अशा वाटा जातात. सकाळी लवकर निघून आधी कासारपालला श्रीकालिका देवीच्या दर्शनाला जावे. आपल्यातल्या अनेकांनी हे देऊळ फक्त गाडीतून उतरून, ओटी भरून, पुन्हा गाडीत बसण्याएवढेच पाहिलेले असते. पायी गेलात तर वाटेत कुळागरे, काजूची भाटे आणि पाण्याचे पाट दिसतात. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर बोंडूंचा वास नाकात बसतो.

तिथून डिचोली आणि पुढे साखळीची बस. साखळीला उतरून हरवळ्याला चालत जावे किंवा पायलट करावा. बाहेर वाढलेल्या मुलांसाठी सांगतो, आपल्याकडे भाड्याने मागे बसवून नेणाऱ्या दुचाकीस्वाराला पायलट म्हणतात. पिवळ्या मडगार्डवरून तो ओळखता येतो. बसण्याआधी भाडे ठरवावे. बँकॉक, हनोई किंवा जकार्तात दुचाकीवर बसताना नेमके हेच करायचे असते.

हरवळ्याला जांभ्या दगडात कोरलेली लेणी आहेत. आत शिवलिंगे आहेत आणि लोक त्यांना पांडवांची लेणी म्हणतात. जवळच धबधबा आणि रुद्रेश्वराचे देऊळ. धबधबा बघायचा तर पावसाळ्यात, पण निसरड्या दगडांवर उतरू नये.

या वाटेवर आणखी एक गोष्ट दिसेल, ती टाळू नका. डोंगर मध्येच कापलेले, लाल मातीचे ढीग आणि खोल खड्डे. डिचोली तालुक्याने लोहखनिजावर कित्येक वर्षे पोट भरले. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या. ट्रकवाले, गॅरेजवाले, चहावाले अशा किती घरांचे गणित त्यात बदलले, हे बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाशी दोन शब्द बोललात तर कळेल.

परतताना वेळ उरला तर मयेचा तलाव गाठावा.

दुसरा दिवस: देव ज्या नदीवरून आला ती नदी

तीन दिवसांतला हा सर्वांत चांगला दिवस. डिचोलीहून नार्वेची बस धरावी. या मार्गावर बस सारख्या नसतात, म्हणून वेळ आदल्या दिवशीच विचारून ठेवावी.

नार्वेला श्रीसप्तकोटेश्वराचे देऊळ आहे. सप्तकोटेश्वर हा गोव्याच्या कदंब राजांचा देव, त्यांच्या नाण्यांवरही त्याचे नाव आहे. मूळ देऊळ नदीपलीकडे दिवाडी बेटावर होते. १५१० मध्ये तिसवाडी पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि दिवाडी तिसवाडीतच येते. त्या शतकात तिथले देऊळ मोडले गेले आणि लिंग नदी ओलांडून नार्वेला आणले गेले. डिचोलीत तेव्हा पोर्तुगीजांची सत्ता नव्हती, ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. मधल्या काळात, १६६८ मध्ये, छत्रपती शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार करवला. तसा शिलालेख देवळात आहे. अलीकडे गोवा सरकारने देवळाचे जतनकाम केले आणि २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले.

आपल्या घरांत मराठी का टिकली, देवळे जुन्या जागी का राहिली आणि तिसवाडी-बार्देशातले कितीतरी देव डोंगराआड किंवा नदीपार का गेले, याचे उत्तर या एका नदीत आहे. शाळेच्या पुस्तकात ते दोन ओळींत येते. फेरीबोटीत उभे राहून दोन्ही काठ एकाच वेळी दिसले की ते डोक्यात बसते.

दर्शन झाले की धक्क्यावर जाऊन दिवाडीची फेरीबोट धरावी. पायी प्रवाशाला पैसे पडत नाहीत. पलीकडे गेल्यावर बेटावरून जुन्या गोव्याच्या धक्क्यापर्यंत काही किलोमीटर आहेत. चालता येतील, किंवा मिळेल ते वाहन घ्यावे. वाटेत खाजन शेती, बांध, बगळे आणि पिएदादचे टेकडीवरचे चर्च. दुसरी फेरीबोट तुम्हाला जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीजवळ उतरवते. लिस्बनहून आलेला नवा व्हाइसरॉय याच कमानीतून शहरात शिरत असे. बॉम जीझस आणि से कॅथेड्रल पायी अंतरावर आहेत. दर्शनाला शुल्क नाही, फक्त खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. बँकॉकच्या ग्रँड पॅलेसलाही हाच नियम आहे, तेव्हा सवय झालेली बरी.

तिथून बसने पणजी, पणजीहून म्हापसा किंवा डिचोली आणि घर. जुन्या गोव्याला गाडीने जाणारे हजारो असतात. सप्तकोटेश्वराकडून दोन नद्या ओलांडून जाणारे थोडे. दोघेही पोचतात त्याच चर्चपाशी, पण दुसऱ्याला ते शहर कुठून दिसले होते हे कळलेले असते.

तिसरा दिवस: पेडण्याचे टोक

म्हापशाहून पेडणे. शुक्रवार असेल तर म्हापशाचा बाजार बघूनच पुढे जावे. पेडण्यात श्रीभगवतीच्या देवळासमोरचे दोन भव्य हत्ती लहान मुलांना फार आवडतात. दसरा-कोजागरीच्या सुमारास आलात तर पेडण्याची पुनव चुकवू नका.

पुढे केरीला जाणारी बस धरावी आणि तेरेखोल नदीवर पुन्हा एक फेरीबोट. पलीकडचे तेरेखोल हा नदीच्या उत्तरेला राहिलेला गोव्याचा छोटासा तुकडा. तिथला किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. त्याच मोहिमेत पेडणे तालुक्यातला हळर्णचा किल्ला पडला आणि त्या विजयाबद्दल व्हाइसरॉयला 'मार्केस ऑफ अलोर्ना' हा किताब मिळाला. आपल्या एका खेड्याचे नाव असे पोर्तुगालच्या सरदार घराण्याला चिकटले.

१५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकवला. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ला, पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. पंजाबातून आलेले कर्नैलसिंग बेनिपाल तिथे हुतात्मा झाले. पत्रादेवीचे स्मारक महामार्गालगतच आहे. मुंबईहून येताना कितीदा आपण त्याच्यासमोरून गेलो असू! एकदा मुद्दाम उतरावे.

पाय दुखत नसतील तर तेरेखोलहून महाराष्ट्रात शिरून रेडीचा यशवंतगड आणि गणपती करावा. त्याच्या पुढचे गाव शिरोडा. वि. स. खांडेकर तिथल्या शाळेत १९२० ते १९३८ शिकवत होते, आणि १९३० चा मिठाचा सत्याग्रहही तिथे झाला. मात्र परतीची फेरीबोट आणि बस आधी विचारून ठेवावी.

थोडे व्यवहाराचे

जवळ सुटे पैसे ठेवा. कंडक्टरला उतरायचे ठिकाण आधीच सांगा, तो तुम्हाला बरोबर जागेवर उतरवील. दुपारी एक ते चार दुकाने आणि बरीच देवळे बंद असतात, त्या वेळात प्रवास करा किंवा जेवा. संध्याकाळनंतर खेड्यांकडच्या बस झपाट्याने कमी होतात, म्हणून शेवटच्या बसची वेळ सकाळीच विचारा. नाश्त्याला हॉटेलातली पातळ भाजी, पाव आणि मिरची भजी, दुपारी माशाची किंवा शाकाहारी थाळी. दिवसभराचे भाडे आणि दोन वेळचे खाणे मिळून जो खर्च होतो, तेवढ्यात किनाऱ्यावरच्या एखाद्या शॅकवर एकाचे जेवण होईल की नाही शंकाच.

पैसे वाचतात ते तर आहेच. दिवसभरात तुम्ही दहा जणांना वाट विचारता, त्यातले दोघे तरी "तू कोणाचा? कोणाच्या घरचा?" असे विचारतात. उत्तर दिलेत की पुढचा प्रश्न आजोबांच्या नावाचा असतो. परदेशात असे कोणी विचारणार नाही, पण अनोळखी माणसाशी बोलायची भीड इथे मोडली की ती तिथेही मोडलेलीच राहते.

आणि या सगळ्यात आपल्याही घरांचा प्रश्न आहे. गावातली किती घरे आता फक्त चतुर्थीला उघडतात, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. चार दिवस आरती, माटोळी, पाहुणे, मग एक दिवस बागा किंवा कळंगुट, आणि कुलूप. मुलांना गाव म्हणजे एक घर, एक देऊळ आणि मधला रस्ता एवढेच माहीत असेल तर पुढे त्या घराची चावी त्यांनी कशासाठी सांभाळायची? जिथून देव आला ती नदी, जिथे माणसे मेली ती सीमा, ज्या डोंगरावर शेजाऱ्यांचे पोट होते तो डोंगर, हे पायाखालून गेलेले असले तर त्या घराला काही अर्थ राहतो. बसचेही तसेच आहे. प्रवासी घटले की फेऱ्या घटतात, आणि मग गावातली म्हातारी माणसे व शाळेची मुले अडकतात. आपण वर्षातून तीन दिवस बसलो म्हणून बस टिकणार नाहीत, पण त्या कुठून कुठे जातात हे तरी आपल्याला माहीत राहील.

परदेशाचा बेत रद्द करा असे कोणी म्हणत नाही. उलट जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळ पेडणे तालुक्यातच सुरू आहे, तेव्हा जग आता दाराशी आले आहे. फक्त एक करा. फिरून आलात की तुम्हाला मिळालेल्या बस आणि फेरीबोटींच्या वेळा एका कागदावर लिहा, खाली तारीख घाला आणि लाटंबार्सेच्या घरात दाराच्या मागे चिकटवून ठेवा. पुढच्या चतुर्थीला येणाऱ्या भावंडांना तो कागद लागेल.